चार्ल्स देलोंद तिथलाच होता

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. त्या अर्पणपत्रिकेने मला बरीच वर्षे एका प्रश्नाच्या मागे पळवले आहे. मोकळे करणाऱ्यांची नावे सहज सापडतात. मोकळे होण्यासाठी ज्यांनी स्वतः हत्यार उचलले, ते कोण होते?

गुलामांच्या उठावाचा पुढारी म्हणून नॅट टर्नर बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच्या आधी १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी उठाव झाला. १८०० साली रिचमंडजवळ गॅब्रिएल नावाच्या लोहाराचा बेत फुटला आणि १८२२ साली चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसी फासावर गेला. हर्बर्ट अ‍ॅप्थेकर या इतिहासकाराने १९४३ साली असे अडीचशेच्या आसपास उठाव आणि कट मोजून दाखवले, तेव्हा गुलाम मुकाट्याने राबत होते असे शिकवणाऱ्या विद्वानांना ते पचले नाही. या सगळ्यांत संख्येने सर्वांत मोठ्या मानल्या जाणाऱ्या उठावाची मात्र अमेरिकेतही दीर्घकाळ फारशी कुणाला माहिती नव्हती. तो झाला लुइझियानात, जानेवारी १८११ मध्ये.

मिसिसिपी नदीचा न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाचा काठ ‘जर्मन कोस्ट’ म्हणून ओळखला जाई. सुरुवातीला इथे जर्मन शेतकरी वसले होते. १७९५ साली एत्येन द बोरे याने लुइझियानाच्या उसापासून दाणेदार साखर काढून नफा कमावला आणि पाहता पाहता काठ ऊसमळ्यांनी भरला. त्याच सुमारास हैतीतल्या गुलामांनी बंड करून फ्रेंच मळेवाल्यांना हाकलले होते. जगातला सर्वांत मोठा साखर उत्पादक असा कोसळला, त्यावर लुइझियानाची भरभराट झाली. १८०९ मध्ये हैतीचे निर्वासित क्यूबामार्गे न्यू ऑर्लिन्समध्ये उतरले. ते नऊ हजारांहून अधिक होते आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश गुलाम होते. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्याने बंदी होती, पण या निर्वासितांसाठी काँग्रेसने ती शिथिल केली. मळेवाल्यांना हैतीची साखर हवी होती, हैतीची बातमी नको होती.

८ जानेवारीच्या रात्री शहरापासून सुमारे ३६ मैलांवर मनुएल आंद्रीच्या वाड्यात गुलाम शिरले. आंद्री जखमी होऊन निसटला, त्याचा मुलगा गिल्बेर मारला गेला. पुढारी होता चार्ल्स देलोंद. तो एका विधवेच्या मालकीचा आणि आंद्रीच्या मळ्यावर मुकादम होता. पहाटे टोळ्यांना शेतात नेणारा, गरज पडली तर चाबूक चालवणारा हा माणूस मालकाच्या पूर्ण विश्वासातला. मळ्यामळ्यांत ये-जा करायची मोकळीक असल्याने जाळे विणता येण्यासारखी जागा त्याचीच होती. आंद्री मिलिशियाचा अधिकारी, त्यामुळे वाड्यात बंदुका आणि गणवेश होते. ते बंडवाल्यांनी अंगावर चढवले आणि नदीकाठच्या रस्त्याने ढोल वाजवत, निशाणे घेऊन ते शहराकडे निघाले. वाटेत मळ्यामळ्यांतून माणसे मिळत गेली. त्यांची संख्या दोनशे ते पाचशे अशी सांगितली जाते. पुष्कळांच्या हाती कुऱ्हाडी आणि ऊसतोडीचे कोयतेच होते. दोन दिवसांत त्यांनी दोन गोरे मारले, एक गिल्बेर आणि दुसरा जाँ-फ्रांस्वा त्रेपान्ये. बदला घेणे एवढाच हेतू असता तर हा आकडा असा राहिला नसता. त्यांना शहर गाठायचे होते.

काही गुलामांनी आपापल्या मालकांना आधीच सावध केले, हेही सांगितलेच पाहिजे. न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या मिलिशियानेही सरकारला साथ दिली. गुलामगिरी माणसांना एकमेकांपासून तोडूनच टिकते. म्हणूनच इतक्या मळ्यांवरची, इतक्या निरनिराळ्या मुलखांतली माणसे एका रस्त्यावर आली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

गव्हर्नर विल्यम क्लेबोर्नने शहरात काळ्या पुरुषांना संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर बंदी केली. जनरल वेड हॅम्प्टन फौज घेऊन निघाला, कमोडोर शॉने नौसैनिक पाठवले. १० तारखेला सकाळी बेर्नूदीच्या मळ्याजवळ गाठ पडली ती मात्र पलीकडच्या काठावरून आलेल्या मळेवाल्यांशी. जखमी आंद्रीही त्यांच्यात होता. बंडवाल्यांचा दारूगोळा संपला आणि चाळीसएक जण तिथेच पडले. चार्ल्स दलदलीत पळाला, पण पकडला गेला. त्याला कुठलीही चौकशी मिळाली नाही. त्याचे हात तोडले, मांड्यांवर गोळ्या झाडल्या आणि पुरता मरण्याआधीच त्याला पेंढ्यात घालून जाळले, असे एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्रात आहे.

बाकीच्यांसाठी १३ जानेवारीपासून देस्त्रेहान मळ्यावर न्यायमंडळ बसले. न्यायाधीश पिएर बोशे सें-मार्तें, आणि पंच म्हणून पाच मळेवाले. ज्यांची मालमत्ता तेच न्यायदाते. निकाल आधीच ठरलेला होता. शिक्षा झालेल्यांची मुंडकी खांबांवर लावून नदीच्या बांधावर रांगेने उभी केली. एकंदर मृतांचा आकडा पंचाण्णवच्या घरात जातो.

पण या न्यायमंडळाचे फ्रेंच दप्तर मागे राहिले. मालकांनी स्वतःच्या समर्थनासाठी लिहिलेले कागद दोनशे वर्षांनी गुलामांच्या बाजूने साक्ष देतात. कूक आणि क्वामाना ही दोन नावे त्यांत आहेत. ती आजच्या घानातल्या अकान लोकांकडची मानली जातात. जेम्स ब्राउन नावाच्या वकिलाने, जो पुढे सिनेटर झाला, त्यांना १८०६ साली विकत घेतले. पाचच वर्षांत या दोघांचे नाव पुढाऱ्यांत घेतले गेले आणि दोघांनाही देहान्ताची शिक्षा झाली. ज्युपिटर नावाच्या एकाला का निघालास असे विचारले, तर शहरात जाऊन गोऱ्यांना मारायला, असे त्याने बेधडक सांगितले. मरण समोर असताना त्याने दयेची याचना केली नाही. दुसरे कागद नुकसानभरपाईचे आहेत. मारल्या गेलेल्या प्रत्येक गुलामामागे सरकारने मालकाला ३०० डॉलर द्यायचे ठरवले, म्हणून मालकांनी गेलेल्या माणसांच्या याद्या आणि त्यांची कामे लिहून दिली. पैशांच्या या दाव्यांमुळे आज त्या माणसांची नावे आपल्याला कळतात.

अशाच जुन्या कागदांनी एक जुना वाद मिटवला. चार्ल्स हैतीहून आलेला होता, असे पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. मळेवाल्यांना ते सोयीचे होते. आपले गुलाम समाधानी आहेत, आग लावणारा बाहेरचा, हे पालुपद जगभरच्या मालकांच्या तोंडी असते. फ्रेंच आणि स्पॅनिश कारकून गुलामाचे मूळ नोंदवत. ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी अशा नोंदी धुंडाळून लुइझियानातल्या सुमारे एक लाख गुलामांची माहिती एकत्र केली. चार्ल्सबद्दलच्या नोंदी पाहिल्या तर तो लुइझियानातच जन्मलेला ठरतो. हैतीची बातमी त्याने ऐकली असेल, तिने बळही दिले असेल. पण बंडाचे कारण त्याला ऊसमळ्यातच रोज दिसत होते.

या उठावाचे मोल त्याच्या पराभवावरून ठरवणे मला चुकीचे वाटते. अमेरिकन राजवटीवर नाराज असलेले फ्रेंच मळेवाले यानंतर तिच्याच फौजेच्या आसऱ्याला गेले, आणि पुढच्याच वर्षी लुइझियाना राज्य म्हणून संघात आले. गुलामांच्या संतोषावर ही व्यवस्था उभी होती, या समजुतीचे पितळ या तीन दिवसांत उघडे पडले. ती केंद्राच्या संगिनींवर उभी होती. पन्नास वर्षांनी यादवी युद्धात याच केंद्राच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय भरती झाले, त्यांत लुइझियानाच्या पलटणी अगदी पहिल्यांपैकी होत्या. ज्या बळावर गुलामगिरी टिकली होती ते बळच त्यांनी तिच्या विरोधात फिरवले. मुक्ती लिंकनच्या सहीने आली हे खरे, पण ती सही होण्यासाठी लागलेला रेटा गुलामांनीही दिला.

८ जानेवारी ही तारीख पुढे लुइझियानात साजरी झाली ती वेगळ्याच कारणाने. १८१५ मध्ये त्याच दिवशी अँड्र्यू जॅक्सनने न्यू ऑर्लिन्सजवळ इंग्रजांना हरवले होते. त्या विजयाच्या गजरात चार्ल्सचा दिवस बुडाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ड्रेड स्कॉट या कलावंताने शेकडो माणसांना जुन्या पोशाखात त्याच वाटेने दोन दिवस चालवले. आता तिथे तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने आहेत. मोर्चा मुंडक्यांच्या रांगेपाशी संपला नाही. तो थेट न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरपर्यंत, म्हणजे मूळ बंडवाल्यांना गाठता न आलेल्या शहरात, पोचला. हा शेवट इतिहासाशी विसंगत आहे, आणि मला तो योग्य वाटतो, कारण त्या माणसांचा बेत काय होता ते त्याने लोकांना दाखवले. शाळेतल्या पुस्तकांनी आता एवढेच करावे: चार्ल्स, कूक आणि क्वामाना यांना बळी म्हणून न छापता, एक बेत आखून निघालेले राजकीय पुढारी म्हणून शिकवावे.