३१ मार्च नेमका संपतो कधी?

‘अर्जाची शेवटची तारीख ३१ मार्च’ ही अट प्रोग्राममध्ये एका ओळीत बसते: आत्ताची वेळ शेवटच्या तारखेहून मोठी असेल, तर अर्ज नाकारा. टेस्टिंगमध्येही ही ओळ सहसा पास होते, कारण तपासणारा आदल्या दिवशीची आणि नंतरची तारीख टाकून बघतो. नेमकी ३१ राहून जाते. जावास्क्रिप्टला ‘२०२५-०३-३१’ एवढंच दिलं, तर ती त्या दिवशीची यूटीसी मध्यरात्र धरते, म्हणजे भारतात पहाटेचे साडेपाच. पुढे शून्य तास, शून्य मिनिटं जोडली, की मात्र तीच भाषा स्थानिक मध्यरात्र धरते! दोन्ही प्रकारांत ३१ तारखेला सकाळी अकरा वाजता अर्ज भरणाऱ्याला ‘मुदत संपली’ हेच उत्तर मिळतं. दोष तुलनेच्या चिन्हाचा नाही. तारीख म्हणजे अख्खा दिवस आणि ‘आत्ता’ म्हणजे एक क्षण. दोन्ही एकमेकांशी ताडायला लावले, की भाषा न विचारता दिवसाची सुरुवात धरून मोकळी होते.

यावर अनुभवी मंडळींचा ठरलेला तोडगा असतो: सगळं यूटीसीत साठवा. घडून गेलेल्या व्यवहारांसाठी तो चोख आहे. न्यूयॉर्कमध्ये ३ नोव्हेंबर २०२४ रोजी रात्रीचा दीड दोनदा वाजला. त्यातला आधीचा कोणता, हे यूटीसीतच धड कळतं. पण १५ ऑगस्ट ही जन्मतारीख भारतीय मध्यरात्र मानून यूटीसीत नेली, तर ती १४ ऑगस्टची संध्याकाळ होते. जन्मतारीख नुसती तारीख म्हणूनच ठेवावी आणि तारखेशीच ताडावी. भारतात एकच प्रमाणवेळ आहे, घड्याळं मागेपुढे करावी लागत नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. पण सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतो, आणि आपल्या मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत त्याची ‘आजची तारीख’ आपली कालची असते. टाइमझोन असलेली आणि नसलेली वेळ यांतली मोठी कोणती असं विचारलं, तर पायथन सरळ एरर देतो. हा अडेलपणा मला मोलाचा वाटतो. ‘दोन्ही समान आहेत का’ असं विचारल्यावर मात्र तोही मुकाट्यानं ‘नाही’ म्हणतो. मुदत २३:५९:५९ लिहिणं हा जुगाड आहे, त्यापुढच्या मिलिसेकंदांत आलेला अर्ज गळतोच. त्यापेक्षा सीमा म्हणून १ एप्रिलची मध्यरात्र, भारतीय वेळेनं, अशी स्पष्ट लिहावी आणि तिच्याआधी आलेला प्रत्येक अर्ज घ्यावा.