घरगुती साठवण-संगणक : फर्मवेअरची मांडणी कशी निवडावी

कुटुंबाची छायाचित्रे, जमिनीच्या कागदपत्रांच्या प्रती, मुलांची प्रमाणपत्रे, शिक्षकाने वर्षानुवर्षे तयार केलेली टिपणे हे सर्व आता संगणकीय स्वरूपात जतन केले जाते. घरातील सर्वांना वापरता यावी अशी सामाईक साठवण म्हणून काही कुटुंबे एक स्वतंत्र संगणक अहोरात्र चालू ठेवतात. पुष्कळदा जुन्याच संगणकात दोन-चार हार्ड डिस्क बसवून तो तयार करण्यात येतो. डिस्कची निवड काळजीपूर्वक होते. फर्मवेअरकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम वसणारी आज्ञावली. बटण दाबल्यापासून कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपवीपर्यंत यंत्राचा ताबा तिच्याकडे असतो. २००५ साली स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमने ठरविलेल्या पद्धतीचे फर्मवेअर आता सर्वत्र आढळते. बोलण्यात मात्र 'बायोस' हाच जुना शब्द टिकून आहे. कारखान्यातून येणारी मांडणी समोर माणूस बसलेला आहे असे गृहीत धरून केलेली असते. साठवण-संगणक कोपऱ्यात, पडद्यावाचून व कळफलकावाचून, एकटा चालतो. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे काय बदलावयाचे ते बहुतांशी ठरून जाते.

पहिला प्रश्न विजेचा. खंडित झालेला पुरवठा पूर्ववत झाल्यावर यंत्राने काय करावे, यासाठी 'पॉवर ऑफ', 'पॉवर ऑन' व 'लास्ट स्टेट' असे तीन पर्याय बहुधा असतात. 'लास्ट स्टेट' म्हणजे आधीची स्थिती कायम ठेवणे. हा पर्याय वरकरणी समंजस वाटतो. परंतु यूपीएस जोडलेला असल्यास तो फसवा ठरतो. बॅटरी संपत आली की यूपीएसच्या सूचनेवरून संगणक रीतसर बंद होतो. त्याची अखेरची स्थिती 'बंद' अशी नोंदली जाते आणि वीज आली तरी तो बंदच राहतो. यास्तव 'पॉवर ऑन' निवडणे इष्ट. संगणक बंद झाल्यानंतर यूपीएसनेही आपला पुरवठा तोडावा, अशी योजना त्यासोबत हवी. अन्यथा वीज गेल्याचे यंत्राला कळणारच नाही. कळफलक नाही म्हणून सुरुवातीलाच थांबून राहण्याची सूचना असल्यास तीही रद्द करावी.

याहून महत्त्वाचा निर्णय डिस्कच्या जोडणीविषयीचा आहे. येथे 'एएचसीआय' व 'रेड' असे पर्याय दिसतात. अनेक डिस्क एकत्र गुंफून एक निकामी झाली तरी माहिती शाबूत राखावी, हा रेड पद्धतीचा हेतू. त्यामुळे तोच पर्याय स्वीकारण्याचा मोह होतो. तथापि मदरबोर्डच्या रेडमध्ये त्या गुंफणीची नोंद त्या बनावटीच्या पद्धतीने होते. काही वर्षांनी बोर्ड जळाला आणि तसा बोर्ड बाजारात मिळेनासा झाला, तर डिस्क धडधाकट असूनही त्यांतील माहिती दुसऱ्या यंत्रास ओळखता येईलच असे नाही. एएचसीआयमध्ये प्रत्येक डिस्क कार्यप्रणालीला जशीच्या तशी दिसते. गुंफणीचे काम लिनक्समधील 'एमडी' किंवा 'झेडएफएस' यांच्याकडे सोपविता येते आणि बोर्ड बदलला तरी त्याच डिस्क दुसऱ्या संगणकात चालू शकतात. ही निवड माहिती साठविण्यापूर्वीच व्हावयास हवी. नंतर पर्याय बदलल्यास असलेली माहिती दिसेनाशी होण्याचा धोका असतो. शिवाय चुकून पुसलेली फाइल कोणतीही गुंफण परत आणीत नाही. तिची एक प्रत अन्यत्र ठेवावीच लागते.

स्मृतीच्या बाबतीत वेगाचा हव्यास नको. 'एक्सएमपी' हा पर्याय स्मृतीला प्रमाणित गतीपेक्षा जलद चालवितो. खेळासाठी ते ठीक आहे; साठवणीत एक चुकीचा बिटही डिस्कवर कायमचा लिहिला जाऊ शकतो. चूक-दुरुस्ती करणारी 'ईसीसी' स्मृती असेल तर ती सुविधा चालू आहे याची खात्री करावी. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीशी तिचे नाते आहे : डीडीआर ४ स्मृतीत ६४ बिटांमागे ८ तपासणीचे बिट ठेवून एका बिटाची चूक दुरुस्त होते व दोन बिटांची ओळखता येते. मात्र प्रोसेसर, बोर्ड व स्मृती या तिघांचाही तिला पाठिंबा असावा लागतो.

प्रोसेसरला विसावू देणारे 'सी-स्टेट' चालू ठेवावेत. त्यामुळे सतत १५ वॅट वाचले, तर वर्षाकाठी सुमारे १३१ युनिट वीज वाचते. पंख्यांची गती बहुधा प्रोसेसरच्या तापमानावर ठरते. प्रोसेसर थंड आणि डिस्क तापलेल्या, असे येथे नेहमी घडते. विदर्भातील उन्हाळ्यात तर डिस्कसमोरच्या पंख्याची किमान गती वाढवून ठेवणेच बरे. संकेतशब्द फर्मवेअरच्या तक्त्याला द्यावा, यंत्र सुरू होण्याला देऊ नये; नाही तर वीज आल्यावर यंत्र कोणाची तरी वाट पाहत राहील.

फर्मवेअरची नवी आवृत्ती बसविताना वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवरच करावे. त्यानंतर बरेचदा सर्व पर्याय कारखान्याच्या मांडणीवर परततात. ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपल्यावरही घड्याळ चुकते व काही बोर्डांवर पर्यायही पुसले जातात. निवडलेले पर्याय कागदावर लिहून तो यंत्राच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावा.