चंद्रावरचा ससा कशाचा?

अंबरनाथचं शिवमंदिर काळ्या बेसॉल्टचं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचं. पौर्णिमेच्या चंद्रावर दिसणारा ससाही बेसॉल्टचाच.

तो तिथे कसा आला, हे कळायला चंद्राच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. चंद्रजन्माचा एखादा अ‍ॅनिमेशनपट मुलांना दाखवाल तेव्हा टकरीच्या दृश्यापाशी जरूर थांबा. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेला मलबा एकवटून चंद्र झाला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. मला हाच सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

नवा चंद्र म्हणजे वितळलेल्या खडकाचा महासागरच होता. हलकी खनिजं वर तरंगून पांढुरकं कवच झालं, पुढे भेगांतून लाव्हा सखल भागांत पसरला आणि थिजून आपला ससा झाला. २०२३मध्ये चांद्रयान-३च्या प्रज्ञान रोव्हरने तपासलेली मातीही या वितळलेल्या महासागराच्या कल्पनेला दुजोरा देते.