बोर्डिंगची मूठ

संस्था गावाची केव्हा होते? गावाने तिच्यात आपले काही घातले म्हणजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एका पंगतीत जेवत. अशा बोर्डिंगांसाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला निघे; तोच मुष्टिफंड.

आमची दादी जात्यावर बसताना आधी ती मूठ काढी. तिला अक्षर येत नव्हते, पण धान्य न्यायला आलेल्या पोरांना ‘नीट शिकता ना रे?’ असे ती हक्काने विचारी. मूठ गरिबालाही देता येते, आणि देणाराच जाब विचारतो.

आज संस्थांना अनुदान मिळते, ते हवेच. पण मूठ थांबली, तसा प्रश्नही थांबला. शाळेला कुलूप लागले तरी गाव गप्प बसते, ते म्हणूनच.