थिन क्लायंट : टेबलावर लहान यंत्र, भार सर्व्हरवर

बँकेची शाखा, रुग्णालयाचा नोंदणी कक्ष किंवा महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा अशा ठिकाणी बहुतेकांचे काम ठरावीक दोन-तीन सॉफ्टवेअरपुरते असते. तरीही प्रत्येक टेबलावर पूर्ण क्षमतेचा संगणक ठेवला जातो. ‘विंडोज 10’चे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे हे संगणक सरसकट बदलावेत काय, असा प्रश्न अनेक संस्थांपुढे आहे. थिन क्लायंट हा त्यावरील एक पर्याय होय.

थिन क्लायंट हे हार्ड डिस्क नसलेले किंवा अत्यल्प साठवण असलेले छोटे यंत्र असते. सॉफ्टवेअर प्रत्यक्षात मध्यवर्ती सर्व्हरवर चालते. की-बोर्ड व माऊसच्या हालचाली नेटवर्कमार्गे सर्व्हरकडे जातात आणि पडद्यावरील चित्र परत येते. जुन्या संगणकांचाही असा उपयोग करता येतो. ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ हा मुक्त स्रोत प्रकल्प 1999 पासून त्यासाठी उपलब्ध आहे.

या पद्धतीत सुरक्षाविषयक सुधारणा प्रत्येक टेबलावर न करता सर्व्हरवर एकदाच करता येतात. यंत्र चोरीस गेले तरी माहिती सर्व्हरवरच राहते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये सुरक्षेची वाजवी दक्षता न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे लक्षात घेता या बाबीचे महत्त्व स्पष्ट होते. विजेचीही बचत होते. प्रत्येक जागी 50 वॉट वाचले असे गृहीत धरल्यास 100 जागा, रोज 8 तास व वर्षाला 250 दिवस या हिशेबाने 10,000 युनिट वाचतात. मात्र सर्व्हर व त्याच्या वातानुकूलनासाठी लागणारी वीज त्यातून वजा करावी लागते.

या पद्धतीचा धोकाही तिच्या रचनेतच आहे. एक संगणक बिघडला तर एका व्यक्तीचे काम थांबते. सर्व्हर किंवा नेटवर्क बंद पडले तर संपूर्ण कार्यालय ठप्प होते आणि खिडकीपुढील रांग तेथेच खोळंबते. त्यामुळे पर्यायी सर्व्हर, अखंड वीजपुरवठा, दुसरी नेटवर्क जोडणी आणि नियमित बॅकअप यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. दूरस्थ वापराचे परवाने अनेकदा स्वतंत्रपणे घ्यावे लागतात. केवळ यंत्रांच्या किमतींची तुलना केल्यास हे खर्च नजरेआड होतात.

चित्रफीत संपादन, त्रिमितीय आरेखन यांसारख्या कामांना साधा थिन क्लायंट पुरा पडत नाही. इंटरनेट वारंवार खंडित होणाऱ्या गावांत सर्व्हर दूरच्या शहरात ठेवण्यापेक्षा त्याच इमारतीत ठेवणे श्रेयस्कर ठरते.

खरेदीपूर्वी एका विभागातील 10 ते 15 जागांवर महिनाभर प्रयोग करावा. त्यात महिनाअखेरीचे किंवा प्रवेशाचे गर्दीचे दिवस अवश्य यावेत. मराठी टंकलेखन, छपाई, स्कॅनर व बोटांचे ठसे घेणारी उपकरणे यांची चाचणीही याच काळात घ्यावी. सर्व्हर मुद्दाम बंद करून काम किती वेळात पूर्ववत होते, याची नोंद ठेवल्यास निर्णयाला भक्कम आधार मिळेल.