पडद्यामागचे काम आणि भाषेची निवड



आम्ही एरंडोल येथे बँकेत लिपिक आहोत. शैक्षणिक कर्जाच्या चौकशीला येणारे पालक हल्ली हमखास विचारतात, "भाऊसाहेब, पोराला कॉम्प्युटरची कोणती भाषा शिकवावी?" आम्ही कला शाखेचे पदवीधर. तरी रोजच्या कामातून व जाणकारांना विचारून जे समजले, ते येथे मांडतो.

खातेदार स्लिप देतो, आम्ही खाते क्रमांक टाकतो आणि शिल्लक दिसते. ती शिल्लक आमच्या टेबलावरील संगणकात नसते. दूरच्या सर्व्हरवरील प्रोग्राम ती डेटाबेसमधून काढून पाठवतो. या पडद्यामागच्या कामाला बॅकएंड म्हणतात. समजा, एका खात्यातून पाच हजार वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच यंत्रणा बंद पडली, तर? अशा वेळी पहिली नोंदही रद्द झाली पाहिजे. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. यालाच ट्रान्झॅक्शन म्हणतात.

अशा जोखमीच्या कामाला मुरलेली भाषा लागते. मुरलेली म्हणजे नुसती जुनी नव्हे. तिच्यातील उणिवा असंख्य लोकांनी वापरून शोधलेल्या असतात, तयार साधने हाताशी असतात आणि तिच्यात झालेली कामे चालू ठेवायला माणसे लागतच राहतात. पायथन १९९१ साली, जावा १९९५ साली आली. मायक्रोसॉफ्टची सी-शार्प २००० साली जाहीर झाली. आपल्या खानदेशचेच उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या आधारच्या यंत्रणेत जावाचा मोठा वाटा आहे. कोबोल तर १९५९ सालची. तरीही एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक द्यावी लागली. म्हणून आज कोबोलपासून सुरुवात करा असे आम्ही म्हणत नाही; पण चालत्या कामाची भाषा सहजी मरत नाही, हे ध्यानात घ्यावे.

मग निवड कशी करावी? जेथे नोकरी शोधायची, त्या पुण्या-मुंबईच्या वीस जाहिराती वाचा व कोणती भाषा किती वेळा येते ते वहीत मांडा. बँका, विमा व मोठ्या कंपन्यांकडे ओढा असेल तर जावा किंवा सी-शार्प. आकडेवारीच्या कामाची आवड असेल तर पायथन. तिन्ही भाषांची साधने मोफत मिळतात, तेव्हा भरमसाट फी भरण्याआधी महिनाभर घरीच शिकून पाहावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मुरलेल्या भाषेला मागणी असते, तसे उमेदवारही पुष्कळ असतात. दर सहा महिन्यांनी नवी भाषा धरून तीन प्रमाणपत्रे जमवलेला मुलगा मुलाखतीत ट्रान्झॅक्शनच्या प्रश्नावर अडतो आणि घरी कर्जाचा हप्ता सुरू होतो. त्यापेक्षा एकच भाषा दोन वर्षे धरा, जोडीला एसक्यूएल पक्के करा आणि एक काम स्वतः पूर्ण करून दाखवा. आपल्या संस्थेच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम केलात, तरी पुष्कळ झाले. पहिली भाषा नीट आली की दुसरी शिकणे जड जात नाही.