कोलशेतची खाडी आणि सायकल

ठाण्याच्या उत्तरेला, उल्हास नदी वसईच्या खाडीकडे वळते त्या काठावर कोलशेत आहे. पलीकडे भिवंडी तालुका.

इथल्या सायकलफेरीची वेळ भरती-ओहोटी ठरवते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि बगळे, तुतवार चरायला उतरतात. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. हिवाळ्यातली सकाळची ओहोटी सर्वांत उत्तम.

मातीच्या वाटेवर रुंद टायर बरे. हवा थोडी कमी ठेवली की पकड सुधारते. खाऱ्या चिखलाने साखळी लवकर गंजते. ती गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे.

तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात. त्यांवर चाक घालू नये.